गाणी-खेळांनी इंग्रजी येत नाही? मुद्देसूद उत्तर

प्राथमिक वर्गांतल्या इंग्रजीबद्दलचा एक लांबलचक मजकूर पालकांच्या आणि शिक्षकांच्या ग्रुपांवर सारखा फिरतो आहे. त्याचा गाभा असा: सण, गाणी आणि खेळ यांच्या नावाखाली पहिली ते चौथीची वर्षं फुकट जातात. मुलं नाचतात, रंगवतात, घोकलेलं म्हणून दाखवतात, पण इंग्रजी येत नाही. तेव्हा पहिल्या दिवसापासून व्याकरण आणि स्पेलिंग पक्कं करून घ्या. हा सल्ला पटल्याने खेळ बंद केलेले वर्ग मी पाहिले आहेत. तिथली मुलं गप्प बसायला शिकली, बोलायला नाही. म्हणून त्यातला एकेक मुद्दा घेते.

“गाणं म्हणजे अर्थ न कळता केलेलं पाठांतर.”

असं होतं, हे खरं आहे. अख्खा वर्ग एका सुरात कडवं म्हणतो, आणि मधला एक शब्द वेगळा काढून विचारला की मुलं एकमेकांकडे बघू लागतात. पण इथे चूक गाण्याची नाही. गाणं पाठ झालं की काम संपलं असं मानून थांबण्याची आहे.

चालीमुळे वाक्य लक्षात राहतं, हा फक्त शिक्षकांचा समज नाही. एडिंबरा विद्यापीठातल्या संशोधकांनी २०१४ मध्ये प्रसिद्ध केलेल्या प्रयोगात ६० प्रौढांना हंगेरियन भाषेतली छोटी वाक्यं पंधरा मिनिटं शिकवली. काहींनी ती नुसती बोलून म्हटली, काहींनी ठेक्यात, काहींनी गाऊन. हंगेरियन वाक्यं आठवून म्हणण्यात गाणाऱ्यांचा गट पुढे राहिला. प्रयोग प्रौढांवरचा होता आणि वेळही थोडा, त्यामुळे त्यावर मोठे इमले बांधायचे नाहीत. तरी गाण्याला टाइमपास म्हणणाऱ्याने त्याची दखल घ्यावी.

दुसरा फायदा उच्चाराचा. इंग्रजी वाक्यात काही शब्दांवर जोर पडतो आणि बाकीचे घाईत उरकले जातात. आपल्या भाषेच्या सवयीने मूल प्रत्येक अक्षराला सारखं वजन देतं. हा फरक सांगून कळत नाही. ठेका मात्र तो आपोआप अंगी बाणवतो. अर्थात चालीसाठी शब्दाची ओढाताण केलेली गाणीही असतात, ती वगळावीत.

पाठांतराच्या पुढे कसं जायचं? ओळ पाठ झाली की ती मोडायची. ‘आय कॅन जंप’ म्हणताना सगळ्यांनी ‘आय कॅन’वर थांबायचं, एका मुलाने पुढचा शब्द घालायचा आणि ती कृती करून दाखवायची. कुणी ‘रन’ म्हणतो आणि जागेवर पळतो. कुणी ‘आय कॅन टेबल’ म्हणतो आणि हात कुठे हलवावेत ते न कळून थबकतो. त्या थबकण्यातच त्याला कळतं की इथे करण्याचा शब्द लागतो. ‘क्रियापद’ ही संज्ञा अजून त्याच्या कानावरही पडलेली नसते.

“खेळात मुलं खेळतात, शिकत नाहीत.”

माझी कसोटी साधी आहे: खेळातलं इंग्रजी काढून टाकलं तरी खेळ तसाच चालतो का? चालत असेल तर तो तास खरंच वाया गेला. चित्राला रंग भरायचा आणि शेवटी एकदा ‘रेड’ म्हणायचं, हा इंग्रजीचा खेळ नाही. मजकुराचा राग अशा खेळांवर असेल तर मी मजकुराच्याच बाजूची आहे.

आता हा खेळ बघा. दोन मुलं समोरासमोर, मध्ये दप्तर उभं. दोघांकडे जवळपास सारखी चित्रं, पण सहा ठिकाणी फरक. एकमेकांचं चित्र बघायचं नाही, विचारून फरक शोधायचे. ‘इज देअर अ कॅट अंडर द टेबल?’ ‘नो. ऑन द टेबल.’ इथे ‘अंडर’ आणि ‘ऑन’ यांत गोंधळ झाला की फरक हाती लागत नाही, त्यामुळे चूक शिक्षकाआधी जोडीदाराला कळते. एरवी तोंड न उघडणारं मूल तोच प्रश्न पुन्हा पुन्हा विचारतं, कारण त्याशिवाय त्याचं पान पुढे सरकत नाही. इतका सराव मी फळ्यावर वाक्य लिहून करून घेतला असता, तर तिसऱ्या वेळेला वर्ग कंटाळला असता. खेळाचे नियम मात्र खुशाल मातृभाषेत सांगावेत. ते इंग्रजीत समजावण्याच्या हट्टापायी निम्मा तास जातो.

हुकूम ऐकून कृती करण्याचे खेळही तसेच. अमेरिकेतले मानसशास्त्रज्ञ जेम्स अॅशर यांनी १९६०च्या दशकात यावर प्रयोग केले आणि त्यातून एक शिक्षणपद्धतच उभी राहिली: आधी ऐकून हालचाल, बोलणं सवडीने. त्यात एकच सुधारणा करावी. ‘सायमन सेज’ या खेळात (हे शब्द आधी म्हटले तरच हुकूम पाळायचा) चुकलेलं मूल बाद होऊन बसतं, म्हणजे ज्याला सरावाची जास्त गरज तेच बाहेर. बाद करू नका, फार तर एक गुण कापा.

“लहान वयात मेंदू तल्लख असतो, तेव्हाच व्याकरण पक्कं करा.”

मजकुरातला हा सगळ्यात पटणारा आणि सगळ्यात चुकीचा मुद्दा. बार्सिलोना विद्यापीठातल्या कार्मेन मुन्योस आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी शाळेत आठव्या वर्षी इंग्रजी सुरू केलेली आणि अकराव्या वर्षी सुरू केलेली मुलं तपासली. तासांची संख्या सारखी ठेवून, अगदी ७२६ तासांपर्यंत, तुलना केली. बहुतेक चाचण्यांत उशिरा सुरुवात केलेली मुलं पुढे होती, आणि व्याकरणाच्या चाचण्यांत तर ठळकपणे. नियम समजून घेऊन वापरणं हे मोठ्या मुलांना जास्त जमतं. आठवड्यात मोजके तास इंग्रजी कानावर पडणाऱ्या लहान मुलाकडे तो वेग नसतो.

मग लहानपणी शिकवायचंच कशाला? कान तयार व्हावा, चुकीची भीती बसू नये आणि वाक्यांचे साचे तोंडात रुळावेत म्हणून. ‘हॅज शी गॉट ग्लासेस?’ असं विचारत चित्रातली व्यक्ती ओळखण्याचा खेळ मनसोक्त खेळलेल्या मुलीला पाचवीत ‘हॅव’ आणि ‘हॅज’चा नियम सांगितला, तर तो ज्यावर बसवायचा ते सगळं तिच्याजवळ आधीच असतं.

“सणांचे तास म्हणजे कागदकाम.”

बऱ्याचदा तसंच असतं, आणि त्याची मला चीड येते. कात्री, डिंक, चमकी, आणि शेवटी भिंतीपुढे फोटो. वर्षातून एकदा लागणारे पाच-सहा शब्द शिकवायचे आणि पुढच्या आठवड्यात विसरायचे. पुस्तकात नाताळ किंवा हॅलोविन आहे म्हणून तो घ्यायचा, मुलांच्या घरी त्या दिवशी काही घडत असो वा नसो.

तरीही सण सोडू नये, कारण सणाबद्दल प्रत्येक मुलाजवळ सांगण्यासारखं काहीतरी असतं. कोण आलं, आधी काय केलं, कोण रुसलं, किती वाजेपर्यंत जागलो. विशेष शब्द दोन-तीन पुरेत. भर ‘हू केम?’, ‘व्हॉट डिड यू डू फर्स्ट?’ अशा वर्षभर लागणाऱ्या प्रश्नांवर हवा. शिवाय सण दरवर्षी येतो. पहिलीत चित्र दाखवून एक शब्द, दुसरीत एक वाक्य, चौथीत जोडीदाराची मुलाखत घेऊन ती वर्गाला सांगणं. तोच विषय, पण अपेक्षा वाढत जाते. वेगवेगळ्या घरांतली मुलं एकत्र असतील तर मुलाखत आणखी रंगते, कारण उत्तर विचारणाऱ्याला खरंच माहीत नसतं.

“खेळून वाचन-लेखन येत नाही.”

हे मान्य. इंग्रजीत अक्षरं २६ आणि ध्वनी सुमारे ४४. हा व्यवहार गाणी ऐकून उलगडत नाही. अक्षर-ध्वनीचं नातं क्रमाने, रोज थोडं थोडं शिकवावंच लागतं. पण तेवढ्यावरून गाणी बंद करण्याचा निष्कर्ष निघत नाही. ऑक्सफर्डच्या लिनेट ब्रॅडली आणि पीटर ब्रायंट यांनी १९८३ मध्ये प्रसिद्ध केलेल्या अभ्यासात, यमक आणि सारखे ध्वनी ओळखण्याचा सराव अक्षरांच्या जोडीने मिळालेली मुलं वाचन-स्पेलिंगमध्ये सर्वांत पुढे गेली. ती मुलं इंग्रजीभाषक होती, म्हणजे आपल्या मुलांना तर कानाच्या तयारीची गरज अधिकच. आणि तोंडी ओळखीचा शब्द वाचता आला की तो मुलाला कळतो. अनोळखी शब्दाचा नुसता उच्चार होतो.

“मोठ्या वर्गात हे शक्य नाही.”

हिशेब करून बघा. चाळीस मिनिटांचा तास आणि पन्नास मुलं. शिक्षक एक शब्दही न बोलता प्रत्येकाला पाळीपाळीने उभं करत गेला, तरी एका मुलाच्या वाट्याला ४८ सेकंद येतात. जोड्या केल्या तर दहा मिनिटांत प्रत्येक मूल सुमारे पाच मिनिटं बोलतं. आवाज होतो, म्हणून कुजबुजत बोलण्याचा नियम करावा. तो मुलांना खेळाचाच भाग वाटतो. त्या वेळात शिक्षकाने हजेरीची यादी घेऊन रोज पाच जोड्यांजवळ बसावं आणि प्रत्येकाचं एक वाक्य, जसं ऐकलं तसं, टिपून घ्यावं. पाच तासांत सगळा वर्ग ऐकून होतो. तोंडी परीक्षेचे गुण त्याच टिपणांवरून द्यावेत.