‘४८२’ म्हणजे नवं की जुनं?

वकिलांच्या ग्रुपवर एक मेसेज थोड्या थोड्या दिवसांनी पुन्हा उगवतो. सोबत दोन रकान्यांचा तक्ता आणि वर दावा: १ जुलै २०२४ पासून नवे फौजदारी कायदे आले, पण बदलले ते फक्त कलमांचे आकडे. खुनाच्या ३०२ चं १०३ झालं, फसवणुकीच्या ४२० चं ३१८. तक्ता फोनमध्ये ठेवा, व्याख्यानं-कार्यशाळांत वेळ घालवू नका, अडलंच तर एआयला विचारा.

यातलं थोडं खरं आहे. नव्या न्याय संहितेतल्या बऱ्याच व्याख्या भादंविमधून (जुन्या भारतीय दंड संहितेतून) जवळपास तशाच आल्यात. तेवढ्यापुरता तक्ता कामाचा; माझ्याही फोनमध्ये आहे. (४८२ तेवढं जपून. जुन्या फौजदारी प्रक्रिया संहितेत ते क्वॉशिंगचं, म्हणजे हायकोर्टातून खटला रद्द करून घेण्याचं, कलम होतं, तिच्या जागी आलेल्या नागरिक सुरक्षा संहितेत अटकपूर्व जामिनाचं आहे. ‘४८२ टाकू’ असं कुणी म्हटलं की आता ‘नवं की जुनं?’ असं विचारावं लागतं.)

पण आकडेच बदलले? रिमांडचं, म्हणजे अटकेतल्या आरोपीला कोठडीत ठेवण्याचं, कलम बघा. पूर्वी पहिले १५ दिवस सरले की पीसीआरचा (पोलीस कोठडीचा) विषय संपायचा. आपण आरोपीच्या घरच्यांना बिनधास्त सांगायचो, आता पोलीस कोठडी नाही, जामिनाचं बघू. आता एकूण दिवस १५ च, पण पोलिसांना ते तुकड्या-तुकड्यांनी मागता येतात. दोषारोपपत्राची मुदत ६० दिवसांची असेल तर पहिल्या ४० दिवसांत, ९० ची असेल तर पहिल्या ६० दिवसांत. आरोपी एमसीआरमध्ये (न्यायालयीन कोठडीत) आहे म्हणून निर्धास्त राहायची सोय गेली. तक्त्यात यासमोर एवढंच लिहिलंय: १६७ = १८७.

डिस्चार्जचं, म्हणजे खटला चालण्याआधीच आरोपमुक्त होण्याचं, तेही तसंच. सत्र खटल्यात २२७ च्या अर्जाला मुदत नव्हती. नव्या २५० मध्ये कमिटलपासून (खटला सत्र न्यायालयाकडे पाठवल्यापासून) ६० दिवस आहेत. तक्त्यावर विसंबलेला माणूस ६१ व्या दिवशी अर्ज टाईप करत बसेल. आणि खासगी फिर्यादीत (पोलिसांऐवजी थेट कोर्टात केलेल्या) २२३ नुसार कोर्टानं दखल घेण्याआधीच आरोपीला म्हणणं मांडायची संधी द्यावी लागते. जुन्या २०० मध्ये हे नव्हतंच.

‘जुनं विसरा’ असंही मेसेजमध्ये असतं. कसं विसरणार? १ जुलै २०२४ च्या आधी घडलेल्या गुन्ह्याला भादंविच लागते. दोन्ही पुस्तकं टेबलावर हवीत.

एआयबद्दल फार लिहीत नाही. २०२३ मध्ये न्यूयॉर्कच्या एका फेडरल कोर्टात चॅटजीपीटीनं रचलेले निवाडे दाखल झाले. कोर्टानं ५,००० डॉलरचा दंड लावला, तो वकिलांना आणि त्यांच्या फर्मला.

राहिला पुरावा. मोबाइलमधल्या रेकॉर्डिंगसाठी आपण जुन्या पुरावा कायद्यातल्या ६५ब चं प्रमाणपत्र जोडत आलो. मूळ उपकरण कोर्टापुढे नसेल तर ते हवंच, हे जालन्याच्या खोतकर-गोरंट्याल निवडणूक वादात सुप्रीम कोर्टानं २०२० साली स्पष्ट केलं. तक्ता म्हणतो, ६५ब = ६३. पण नव्या साक्ष्य अधिनियमातल्या ६३ च्या प्रमाणपत्राच्या नमुन्याचे दोन भाग आहेत: ‘अ’ वर पक्षकाराची सही, ‘ब’ वर तज्ज्ञाची, आणि दोन्हींत फाइलची हॅश व्हॅल्यू (फाइलमधून गणितानं निघणारा ठसा; फाइल जराही बदलली की तोही बदलतो) भरायची, कुठल्या अल्गोरिदमनं (गणिती पद्धतीनं) काढली तेही. म्हणजे अशिलाला पहिल्याच भेटीत सांगायला हवं की रेकॉर्डिंग ज्या फोनमध्ये झालं तो फोन हातचा घालवू नका.

मागच्या महिन्यात एक गृहस्थ आले. धमकीचं रेकॉर्डिंग आहे म्हणाले, आणि व्हॉट्सअ‍ॅपवर फॉरवर्ड होत आलेली क्लिप ऐकवली. आधीच्या वकिलांनी ‘जपून ठेवा’ एवढंच सांगितलं होतं. मूळ फोन कुठंय, असं विचारलं.

“तो ना? एक्स्चेंजमध्ये दिला, साहेब.”