जागा तुमची, पाखाडी वाडीची

सकाळी फोन उघडला तर कोकणातल्या प्लॉटची जाहिरात. समुद्र दिसणार, चिऱ्याचं कंपाउंड मिळणार, आणि ठळक अक्षरांत हमी की आतून गाववाल्यांची ये-जा नाही. तेव्हापासून डोकं फिरलंय. ज्यांच्या गावात राहायला जायचं त्यांचीच वाट बंद, आणि ही म्हणे सोय!

आमच्या वाडीत हेच झालंय. वरच्या अंगाची जागा पुण्याच्या एका कुटुंबाने घेतली आणि पाया खणायच्या आधी लोखंडी गेट बसवलं. त्या जागेतून विहिरीकडे उतरणारी पाखाडी, म्हणजे दगडी पायवाट, आहे. पूर्वी तिथे बेडं होतं. दोन खांबांच्या भोकांतून आडवे बांबू. दोन बांबू सरकवायचे, पलीकडे व्हायचं, परत होते तसे करायचे. गुरं आत शिरत नव्हती आणि माणूस अडत नव्हता. आता तिथे कुलूप, आणि सत्तरी उलटलेली आमची काकी हंडा घेऊन सड्यावरून, म्हणजे उघड्या कातळाच्या माळावरून, वळसा घालते, तेही एप्रिलच्या उन्हात. रत्नागिरी जिल्ह्यात 3000 मिलिमीटरच्या वर पाऊस पडतो, पण जांभ्या दगडातून झिरपून तो निघून जातो. उन्हाळ्यात एखादी विहीर टिकते, तिच्यावर अख्खी वाडी असते.

घर वर्षभर बंद असतं, चोरीची भीती असते, मान्य. जमिनी विकणारे आमचेच भाऊबंद, तेही मान्य. म्हणून वाट अडवायची?

कुळकायद्याच्या कलम 63 मुळे शेतजमीन घ्यायला शेतकरी असावं लागतं, तर लोक कुठून कुठून आजोबांचे सातबारे शोधून काढतात. वकील होतो, मोजणी होते, बिनशेती होते. मात्र या जागेतून कोण ये-जा करतं, एवढं विचारायला कोणाला सुचत नाही. पाखाडी सातबाऱ्यावर बहुतेकदा नसतेच.

दाद मागता येते. 1906 चा मामलेदार न्यायालय कायदा आहे, तहसीलदार अडथळा काढायला लावू शकतो. पण अर्ज 6 महिन्यांच्या आत करावा लागतो. गेट लागलं दिवाळीच्या सुमारास. काकी म्हणाली, "तक्रार कशाला? मे महिन्यात येतील तेव्हा बोलू." ते आले मेच्या अखेरीला. मुदत गेली. आमच्या माणसांच्या भिडेचा फायदा कायदासुद्धा गेटवाल्यालाच देतो, याची चीड येते.

आणि ती माणसंही वाईट नाहीत हो. वास्तुशांतीचे पेढे घेऊन काकीकडे आली. काकीने कोकम सरबत दिलं, घावणे केले, गेटचा विषय काढलाच नाही. बहुधा त्यांना अजून माहीतही नसेल की ती पाणी कुठून आणते.

घराची ओढ मला कळते. माझ्या आईने डोंबिवलीच्या दोन खोल्यांत आयुष्यभर अंगण-पडवीचं स्वप्न पाहिलं. तर या, जरूर या. चिऱ्याचं बांधा, कौलं घाला. फक्त खरेदीखताच्या आधी एकदा उन्हाळ्यात वाडीतल्या माणसाला घेऊन जागा पायी फिरा, आणि कंपाउंड आखताना पाखाडीची रुंदी बाहेर सोडा.

राजापूर-लांज्याकडे कोणी जागा बघत असेल तर इनबॉक्स करा. रजा टाकून सोबत येईन. व्यवहाराआधी वाडीत बसून बोलू.