बारा मिनिटांचा परकायाप्रवेश

'जावे त्याच्या वंशा तेव्हा कळे' ही म्हण आपण बिनधास्त वापरतो, कारण दुसऱ्याच्या वंशात कुणाला जाता येणार नाही याची खात्री असते. बार्सिलोनात मेल स्लेटर या संशोधकाने आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी मात्र ते जवळजवळ शब्दशः करून पाहिलं. २०१३ साली त्यांचा प्रयोग प्रसिद्ध झाला.

साठ गोऱ्या बायका. डोळ्यांवर संगणकाने रचलेलं आभासी जग दाखवणारा हेडसेट, अंगात हालचाली टिपणारा पोशाख. काही जणींना आभासी आरशात कृष्णवर्णीय बाई दिसत होती. आपण हात उचलला की ती उचलते, मान वळवली की तीही वळवते. मेंदू भोळा असतो, थोड्याच वेळात ते शरीर स्वतःचं मानतो. (१९९८ च्या एका गाजलेल्या प्रयोगात लोकांनी चक्क रबरी हात आपला मानला होता!) हे सगळं जेमतेम बारा मिनिटं. पण आधीच्या आणि नंतरच्या चाचणीत फरक पडला, काळ्या लोकांबद्दलचा सुप्त, म्हणजे नकळत मनात असलेला पूर्वग्रह कमी झालेला दिसला. काही जणींना जांभळं शरीर दिलं होतं. त्यांच्यात तशी घट दिसली नाही. म्हणजे नुसतं वेगळं शरीर मिळून भागत नाही.

इथवर वाचून टाळ्या वाजवाव्याशा वाटतात. पण थांबा. त्याआधी, २००९ मध्ये, अमेरिकेतल्या स्टॅनफर्ड विद्यापीठाच्या संशोधकांनी लोकांना आभासी नोकरीच्या मुलाखतीत कृष्णवर्णीय रूप दिलं होतं, तर पूर्वग्रह चक्क वाढला. आणि २०२० मध्ये स्लेटर यांच्याच गटाला आढळलं की आजूबाजूचे आभासी लोक वाईट वागले, तर परिणाम उलटा होतो.

मला सगळ्यात महत्त्वाचं वाटतं ते हेच. आपली समजूत अशी की गोऱ्या माणसाला काळ्या शरीरात घालायचं, चार अपमान गिळायला लावायचे, की त्याचे डोळे उघडतील. पण 'हे शरीर म्हणजे त्रास' एवढीच गाठ डोक्यात पक्की बसली तर? ती तर आधीपासूनच बसलेली असते! म्हणून 'भेदभावाचा अनुभव घ्या' म्हणत हेडसेट वाटणाऱ्या प्रशिक्षणांबद्दल मला धास्ती वाटते.

शिवाय मोजलं काय, तर बटणं दाबायचा वेग. चेहरे आणि बरे-वाईट शब्द यांची जोडी लावताना किती मिलिसेकंद लागतात, यावरून ही चाचणी पूर्वग्रह ठरवते. २०१९ मध्ये अशा प्रकारच्या चाचण्या वापरणारे ४९२ अभ्यास एकत्र तपासले गेले, तेव्हा असे आकडे बदलले म्हणून वागणंही बदलतं, असं काही दिसलं नाही. बार्सिलोनाच्याच २०१६ च्या प्रयोगात परिणाम आठवडाभर टिकला होता, हेही सांगायला हवं. पण आठवडाभर टिकला तो चाचणीतला आकडा. घर भाड्याने देताना, नोकरीसाठी माणूस निवडताना तोच माणूस कसा वागला, ते त्यातून कळत नाही.

तरीही हे संशोधन बंद करा असं मी म्हणणार नाही. बाकी सगळं तसंच ठेवून फक्त कातडीचा रंग बदलायचा, ही सोय दुसरीकडे कुठे मिळणार? औषध म्हणून नको, सूक्ष्मदर्शक म्हणून हवं.

मला स्वतःला कुणी हेडसेट दिला तर मी आधी ते जांभळं शरीर मागेन. त्या रंगाबद्दल माझ्या डोक्यात कुणीच काही भरून ठेवलेलं नाही.