आउटलुकमधील लिंक उघडत नसल्याच्या तक्रारीस दुकानाचे उत्तर

नमस्कार मॅडम,

लॅपटॉप फार संथ चालतो म्हणून आपण तो आमच्याकडे सर्व्हिसिंगला दिलात, घरी नेल्यावर आउटलुक या ईमेलच्या प्रोग्राममधील एकही लिंक उघडेना, आणि फोन केल्यावर दुकानात काम करणाऱ्या आमच्या मुलाने आधी ‘ब्राउझर पुन्हा टाकून बघा’ आणि नंतर ‘व्हायरस असेल, ३५० रुपये वेगळे पडतील’ असे सांगितले, ही आपली तक्रार मी जॉबकार्ड (केलेल्या कामांची नोंद) समोर ठेवून वाचली. व्हायरस नव्हता. बिघाड आमच्याच हातून झाला आहे आणि त्याचे वेगळे पैसे मागणे चुकीचे होते.

आपण जोडलेल्या फोटोत ‘धिस ऑपरेशन हॅज बीन कॅन्सल्ड ड्यू टू रिस्ट्रिक्शन्स इन इफेक्ट ऑन धिस कॉम्प्युटर’ असा संदेश आणि त्याखाली सिस्टिम ॲडमिनिस्ट्रेटरला भेटण्याची सूचना दिसते. हा संदेश वाचून कोणालाही वाटावे की संगणकावर कोणीतरी बंदी घातली आहे. प्रत्यक्षात बहुतेक वेळा तशी बंदी नसते, आणि आपल्या कार्यालयात ॲडमिनिस्ट्रेटर म्हणजे आपण स्वतःच आहात. तीच लिंक कॉपी करून ब्राउझरमध्ये टाकली की उघडते, असे आपण लिहिले आहे, आणि सगळ्यात उपयोगाची खूण तीच आहे. इंटरनेट ठीक आहे, ब्राउझरही ठीक आहे. फक्त लिंक कोणाकडे सोपवायची हे विंडोजला कळत नाही.

ते का कळत नाही, तर जॉबकार्डावर दोन कामे लिहिली आहेत: वापरात नसलेला एक जुना ब्राउझर काढला, आणि रजिस्ट्री, म्हणजे विंडोजच्या सेटिंग्जची नोंदवही, साफ करणारे एक सॉफ्टवेअर चालवले. कोणत्या प्रकारची फाइल कोणत्या प्रोग्रामने उघडायची याची नोंद रजिस्ट्रीत दोन ठिकाणी असते, एक सगळ्या युजरसाठी आणि एक त्या त्या युजरपुरती, आणि दोहोंत फरक पडला तर युजरची नोंद वरचढ ठरते. त्या जुन्या ब्राउझरने आपल्या अकाउंटमध्ये डॉट एचटीएमएल या वेबपानांच्या फाइल प्रकारापुढे स्वतःचे नाव लिहून ठेवले होते. साफसफाईत त्या नावाचा मूळ तपशील ‘निरुपयोगी’ म्हणून पुसला गेला, पण डॉट एचटीएमएलपुढचे नाव तसेच राहिले. घर पाडले आणि पाटी राहिली, असा हा प्रकार आहे. मी काल दुकानातल्या विंडोज ७ आणि आउटलुक २०१० असलेल्या मशीनवर मुद्दाम तशीच नोंद करून पाहिली, आणि पहिल्याच क्लिकला आपल्या फोटोतला संदेश जसाच्या तसा आला.

दुसरी चूक मला अधिक लागली. रजिस्ट्रीला हात लावण्याआधी तिची प्रत एक्स्पोर्ट करून ठेवायची, हा आमच्याकडचा नियम आहे. तो पाळला गेला नाही. त्या सॉफ्टवेअरने स्वतः बॅकअप ठेवला होता, पण काम संपल्यावर ते काढून टाकताना तोही गेला.

पैसे उकळण्यासाठी हे मुद्दाम केले, हा आपला आरोप मात्र मी मान्य करणार नाही, कारण मुद्दाम बिघडवणाऱ्याला निदान काय बिघडले हे ठाऊक असते, आणि आमच्या मुलाला ते ठाऊक नव्हते. रजिस्ट्री साफ केल्याने लॅपटॉप वेगवान होतो ही समजूत त्याचीही होती. लाखो नोंदींतल्या काही शे नोंदी कमी झाल्याने वेगात जाणवण्याजोगा फरक पडत नाही, आणि अशा साफसफाईच्या सॉफ्टवेअरला आपला पाठिंबा नाही, असे मायक्रोसॉफ्टनेच जाहीर केलेले आहे. आमच्याकडे ते काम आता बंद केले आहे.

दुरुस्ती दहा मिनिटांची आहे. रेजएडिट हा रजिस्ट्री बदलण्याचा विंडोजचा प्रोग्राम उघडून करंट युजर, सॉफ्टवेअर, क्लासेस या वाटेने डॉट एचटीएमएलपर्यंत जायचे, आधी त्या नोंदीची प्रत एक्स्पोर्ट करायची, मग ‘डीफॉल्ट’ पुढचे जुने नाव काढून तिथे एचटीएमएलफाइल हा एकच शब्द, मध्ये जागा न सोडता, इंग्रजीत लिहायचा. डॉट एचटीएम आणि डॉट एसएचटीएमएल यांनाही तेच करायचे आणि आउटलुक बंद करून पुन्हा उघडायचे. त्यानंतर आपल्या नेहमीच्या ब्राउझरला डीफॉल्ट प्रोग्राम्समधून एकदा नव्याने डीफॉल्ट करायचे. विंडोज नव्याने टाकण्याची गरज नाही. कोणी तसे सुचवले तर कृपया थांबावे.

हे आपण स्वतः करावे अशी अपेक्षा अर्थातच नाही. सर्व्हिसिंगचे ६०० रुपये परत करून मी स्वतः आपल्या कार्यालयात येऊन हे काम करून देईन. वेळ आपण दुकानाच्या नंबरवर कळवावी. विंडोज ७ चा सपोर्ट १४ जानेवारी २०२० रोजीच संपला असल्याने करविषयक पत्रव्यवहारासाठी हा लॅपटॉप किती दिवस वापरावा, याबद्दलही तेव्हा बोलता येईल. ॲडमिनचा पासवर्ड असल्यास तो आपणच टाकावा, आम्हाला सांगू नये.