क्रेडिट कार्डाची थकबाकी घरावर टाकावी का? : एका प्रतिक्रियेला उत्तर

नमस्कार. विद्यार्थ्यानं क्रेडिट कार्डाची थकबाकी फेडायला घर तारण ठेवू नये, ती ईएमआयमध्ये (ठरावीक मासिक हप्त्यांत) बदलून घ्यावी, असं मी लेखात लिहिलं होतं. त्यावर तुमचा आक्षेप थोडक्यात असा : नावावर फ्लॅट असलेल्या विद्यार्थ्याला तारण कर्ज १०.५ टक्क्यांनी मिळत असताना मी कार्डाच्या ४२ टक्क्यांत अडकवतो, मला साधं त्रैराशिक येत नाही.

त्रैराशिक मांडूच. लेखातलंच उदाहरण घ्या : थकबाकी १,२०,००० रुपये, महिन्याचं स्टायपेंड १४,०००. महिना ३.५ टक्क्यांनी व्याज ४,२००, त्यावर १८ टक्के जीएसटी ७५६. मिनिमम ड्यू (दरमहा भरावीच लागणारी किमान रक्कम) थकबाकीच्या ५ टक्के धरला, तर ६,००० भरूनही मुद्दल १,०४४ रुपयांनीच उतरतं. वर बिनव्याजी मुदत गेलेली असते, म्हणजे नव्या किराण्यावरही पहिल्या दिवसापासून व्याज. म्हणून तर थकबाकी ईएमआयमध्ये बदलून घ्या, असं लिहिलं होतं. १६ टक्क्यांनी ३६ महिने घेतले तर हप्ता सुमारे ४,२२०. व्याज आणि त्यावरचा जीएसटी मिळून ३७,६०० च्या आसपास.

आता तुमचं तारण कर्ज. ५ वर्षांसाठी हप्ता २,५८०, एकूण व्याज ३४,७००. दर इतका कमी, तरी वाचले ३,००० रुपये! लांबलेल्या मुदतीनं ते खाल्ले. तीनच वर्षांत फेडलं तर व्याज २०,४००, म्हणजे १७,००० वाचतात, हे मान्य. त्यातून प्रोसेसिंग फी, वकिलाचा सर्च रिपोर्ट (घराच्या मालकीची तपासणी), व्हॅल्युएशन आणि मुद्रांक शुल्क वजा करा. कर्ज लहान म्हणून हे खर्च त्या प्रमाणात लहान होत नाहीत. शिवाय बँक घराआधी उत्पन्न बघते. सव्वा लाखासाठी, तेही स्टायपेंडवर, घर तारण घ्यायला कोणी सहजी तयार होत नाही; झालंच तर कमावता सहकर्जदार मागतात.

आणि 'नावावर' म्हणजे काय? विद्यार्थ्याकडे घर येतं ते बहुधा वारशानं. सोसायटीत नॉमिनी म्हणून नाव लागलं की मालकी आली, असं नाही. आई-बहीण वारस असतील तर त्यांच्याही सह्या लागतील.

खरा मुद्दा वेगळाच आहे. कार्डाचं कर्ज विनातारण असतं. वसुलीसाठी बँकेला कोर्ट किंवा लवाद गाठावा लागतो. तेच घरावर टाकलं की २००२ चा सरफेसी कायदा येतो : खातं एनपीए (बँकेच्या लेखी थकीत कर्ज) झालं की ६० दिवसांची नोटीस, आणि तरीही पैसे भरले नाहीत तर खटला न चालवता ताब्याची कारवाई. ज्याचं स्टायपेंड दोन-दोन महिने रखडतं, त्यानं हा धोका १७,००० साठी घेऊ नये. थकबाकी सहा-सात लाख असेल आणि घरात कमावता सहकर्जदार असेल, तर मीही तारण कर्जच सुचवीन.

एक चूक मात्र तुम्ही बरोबर पकडलीत. 'कार्डापायी घर कधीच जात नाही' हे वाक्य चुकीचं होतं. कोर्टाचा हुकूमनामा झाल्यावर घरावर जप्ती येऊ शकते. लेखात दुरुस्ती केली आहे.

ईएमआय घेताना व्याजदर फ्लॅट (शेवटपर्यंत मूळ रकमेवर) की रिड्यूसिंग (उरलेल्या मुद्दलावर), हे आधी विचारा. ३६ महिन्यांसाठी 'महिना फक्त १ टक्का' फ्लॅट म्हणजे प्रत्यक्षात वर्षाला सुमारे २१ टक्के. प्रोसेसिंग फी आणि मुदतीआधी फेडीचा आकारही लेखी घ्या. मग ॲप्समध्ये सेव्ह केलेलं कार्ड काढून टाका. बहुतेकांचं गाडं इथंच घसरतं : ईएमआय चालू, त्यात नवी खरेदी, पुन्हा मिनिमम.

घराचा उपयोग करायचाच, तर भाड्यासाठी करा. शिकायला पुण्यात आणि फ्लॅट नाशिकला रिकामा असेल, तर हप्ता भाड्यातून निघू शकतो. लिव्ह अँड लायसन्स करार नोंदवावा लागतो. सोसायटीला ना-वापर शुल्क (मालक स्वतः राहत नसल्याबद्दलचं) सेवा शुल्काच्या १० टक्क्यांपेक्षा जास्त घेता येत नाही, तेव्हा जास्त मागितलं तर तसं लेखी कळवा. भाडेकरूचं डिपॉझिट मात्र कार्डात भरू नका. ११ महिन्यांनी ते परत द्यायचं असतं.