खुलासा : छोट्या गाडीत मागच्या ट्रेवर मोठे स्पीकर लावण्याबद्दल

‘छोट्या गाडीत मागच्या ट्रेवर ६०० वॅटचे ओव्हल स्पीकर टाका, पुढच्या दारात काही लावायची गरज नाही’ असा मेसेज फिरतोय. तो मूळ माझ्याच जुन्या पोस्टमधला आहे आणि चुकीचा आहे.

खोक्यावरचे ६०० वॅट म्हणजे क्षणभर सोसता येणारी कमाल ताकद. बघायचा तो आरएमएसचा, म्हणजे सलग सोसता येणाऱ्या ताकदीचा आकडा. साध्या स्टिरिओवर ‘४ × ५०’ छापलेलं असलं तरी सलग मिळतात चॅनेलमागे, म्हणजे एका स्पीकरमागे, साधारण १५ ते २० वॅट. म्हणून वेगळा अ‍ॅम्प्लिफायर नसेल तर स्पीकरची सेन्सिटिव्हिटी बघा, म्हणजे ठरावीक ताकदीवर तो किती मोठा आवाज देतो ते. ती ३ डेसिबलने जास्त असेल तर तेवढ्याच आवाजाला निम्मी ताकद पुरते.

जागेबद्दल मात्र माझी चूक जास्त गंभीर होती. हॅचबॅकचा मागच्या सीटमागचा ट्रे नुसता टेकवलेला, हलका, सुटा असतो. माझ्या गाडीत प्रत्येक खड्ड्याला तो थडथडायचा आणि गाणं पाठीमागून यायचं. त्याहून वाईट म्हणजे, जोरात ब्रेक लागला तर जड मॅग्नेटसकट तो मागे बसलेल्यांच्या डोक्यावर येऊ शकतो. हे मी लिहिलंच नव्हतं, त्याबद्दल मनापासून माफी मागतो.

पुढे मी साडेसहा इंची स्पीकर पुढच्या दारात बसवले, आतल्या पत्र्याची भोकं डॅम्पिंग शीटने (थरथर कमी करणाऱ्या चिकट शीटने) बुजवली, तेव्हा कुठे ढोलकीची थाप नीट ऐकू आली. एका दाराची प्लस-मायनस वायर उलटी जोडली गेली तरी बास गायब होतो, तेवढं तपासून घ्या.

जुना मेसेज कृपया पुढे पाठवू नका. ज्या ग्रुपवर टाकला असेल तिथे हा खुलासा टाका.