बाजारात तुरी, हातात बॅटरी

मराठीत बॅटरी या शब्दाचा मोठा घोळ आहे. आमच्या आईच्या लेखी बॅटरी म्हणजे लाइट गेल्यावर शोधायची ती टॉर्च, तिच्यात घालतात ते सेल, आणि शाळेत चष्म्यामुळे मला पोरं डबल बॅटरी म्हणायची तो तिसराच अर्थ. त्यामुळे रात्री साडेअकराला मोबाईलमध्ये डोकं खुपसून मी "या वेळी तरी बॅटरी मोठी दे रे देवा" असं पुटपुटलो तेव्हा आतल्या खोलीतून आईचा आवाज आला, "देव्हाऱ्याच्या खालच्या ड्रॉवरमध्ये आहे बघ. पण सेल संपलेत."

मी वाट बघतोय ती लायका या जर्मन कंपनीच्या पुढच्या एम कॅमेऱ्याची, म्हणजे रेंजफाइंडर जातीच्या. तो अजून आलेला नाही. आला तरी मी घेणार नाही, कारण सध्याचा एम ११ जानेवारी २०२२ मध्ये आला तेव्हा नुसत्या बॉडीची अमेरिकेतली किंमत ८,९९५ डॉलर होती, लेन्स वेगळी, आणि तो आकडा रुपयात करून बघितला त्या संध्याकाळी मी जेवताना पोळीच्या वर भात मागितला नाही. पण वाट बघायला पैसे पडत नाहीत. मग ती नीट बघावी की नाही? नवा येईल तो किती मेगापिक्सेलचा, जाडी किती, आणि मुख्य म्हणजे एका चार्जिंगमध्ये फोटो किती, यावर जगभरातली माझ्यासारखी रिकामटेकडी माणसं जे अंदाज करतात ते मी रोज झोपण्याआधी वाचतो, लोक हनुमान चालिसा म्हणतात तसं.

बायकोचं म्हणणं एकदम सरळ आहे. "जो कॅमेरा आलेला नाही, आला तर आपण घेणार नाही, त्याची बॅटरी पुरेल की नाही म्हणून तुम्ही जागे. आणि इन्व्हर्टरच्या बॅटरीत डिस्टिल्ड वॉटर घाला म्हणून मी गणपतीच्या आधीपासून सांगतेय." बाजारात तुरी आणि भट भटणीला मारी म्हणतात, आमच्याकडे मार खाणारा भट आहे एवढाच फरक.

आता रेंजफाइंडर म्हणजे काय ते थोडक्यात सांगतो, कारण पुढचा सगळा घोळ त्यातून आहे. साध्या डिजिटल कॅमेऱ्यात तुम्ही लेन्समधून जे येतं तेच बघता. रेंजफाइंडरमध्ये लेन्सचा आणि तुमच्या डोळ्याचा काही संबंध नाही. वरच्या कोपऱ्यात एक काचेची खिडकी असते, तिच्यातून जग बघायचं, मधल्या छोट्या चौकोनात समोरचा माणूस दोनदा दिसतो, म्हणजे एक तो आणि शेजारी त्याचं भूत, मग लेन्सची रिंग फिरवत फिरवत भूत माणसात बसवायचं. बसलं की फोकस झाला. तोपर्यंत माणूस निघून गेलेला असतो ही गोष्ट वेगळी. चष्मा असेल तर कडेच्या रेषाही पूर्ण दिसत नाहीत, चष्मा घासून घासून काचेवर ओरखडे पडतात ते वेगळे. एवढा त्रास का घ्यायचा असं विचाराल तर ज्याला पाटावरवंट्याची चटणी आवडते त्याला मिक्सर असताना पाटा का हे विचारण्यासारखं आहे.

ही जमातच मुळात छोटी. डिजिटलमधला पहिला आला २००४ साली, एप्सनचा आर-डी१, आणि तो म्हणजे कमाल होता, आत सेन्सर असूनही वर रोलच्या कॅमेऱ्यासारखी लिव्हर, प्रत्येक फोटोनंतर अंगठ्यानं ओढायची तेव्हा शटर पुढच्या फोटोला तयार, आणि डोक्यावर घड्याळासारखी डायल, त्यात एक काटा फोटो किती उरले ते दाखवणार आणि एक काटा बॅटरी. काट्याची बॅटरी! स्कूटरच्या पेट्रोलसारखी, काटा खाली आला की माणूस आपोआप कमी रेस करणार. मग २००६ ला लायकाचा एम ८, २००९ ला फुल फ्रेम, म्हणजे रोलवरच्या फोटोएवढ्या सेन्सरचा, एम ९. या सगळ्या डिजिटल एममध्ये एक गंमत होती, बॅटरी बदलायची तर कॅमेऱ्याचा अख्खा तळ काढावा लागायचा, १९५४ च्या एम ३ मध्ये रोल घालायला काढायचे तसाच. मग एका हातात कॅमेरा, एका हातात संपलेली बॅटरी, नवी खिशात, तर ते झाकण कुठे धरायचं? दातात. जगातल्या इतक्या महागड्या कॅमेऱ्याचे मालक रस्त्यात उभे राहून तोंडात पितळी पत्रा धरून उभे आहेत हे दृश्य मला फार आवडतं. एम ११ मध्ये कंपनीनं तो तळच काढून टाकला, बॅटरी खालून सरळ बाहेर येते, शिवाय यूएसबी-सीनं चार्जही होते. सोय झाली, पण थोडं चुकल्यासारखं पण वाटतं.

आणि आता बॅटरी. २०१२ साली जाहीर झालेल्या मॉडेलात १८०० एमएएचची दणदणीत बॅटरी होती, लोक खूश, पण कॅमेरा अंगानं सुटला म्हणून लोक नाराज. २०१७ ला एम १० बारीक करून आणला, लोक खूश, पण बॅटरी ११०० ची, प्रमाणित चाचणीत २१० फोटो, म्हणून लोक नाराज. २०२२ ला परत १८०० ची बॅटरी, ७०० फोटो. आता लोकांनी नाराज व्हायला काहीतरी नवीन शोधलं असणार, मी पण शोधतोय. एक सापडलंय, की एम ११ प्रकाश मोजतो तो सेन्सरवरूनच, म्हणजे फोटो काढत नसताना पण शटर उघडं आणि सेन्सर जागा. लग्नघरातल्या म्हातारीसारखं, डोळा लागला तरी एक डोळा उघडा. मग बॅटरी खाणार नाही तर काय करणार.

आणि ही ७०० फोटोंची चाचणी जपानच्या सीआयपीए नावाच्या संस्थेची, तिची पद्धत वाचून मी हसलो. साधारण २३ अंशांची खोली, दर ३० सेकंदांनी एक फोटो, दर दहा फोटोंनी कॅमेरा बंद, मग परत चालू. पुण्यात २३ अंशाच्या खोलीत बसून दर अर्ध्या मिनिटाला शिस्तीत एक फोटो काढणारा माणूस मला दाखवा, मी त्याला माझा कॅमेरा फुकट देतो.

हो, माझ्याकडे एक आहे. सेकंडहँड, बराच जुना, तळाच्या झाकणाचा. त्याचं नाव घेत नाही, पूर्वी बायका नवऱ्याचं घ्यायच्या नाहीत तसं. त्याची मूळ बॅटरी म्हातारी झाली म्हणून मी पैसे वाचवायला दोन डुप्लिकेट मागवल्या. त्या कशा आहेत? एक साठ टक्के दाखवते आणि पुढच्या फोटोला एकदम शून्य, मध्ये काही नाही, ऑफिसमध्ये रिटायरमेंटच्या आदल्या दिवशीपर्यंत टेबलावर असणाऱ्या माणसासारखी. दुसरी थोडी फुगलीय, आत जाते पण बाहेर यायला तयार नाही. आता फुगलेली बॅटरी वापरू नये हे मलाही कळतं, तिला वेगळी काढून ठेवलीय. तर चालण्यासारख्या बॅटऱ्या दीड. म्हणून मी बचत करायला शिकलो. वायफाय बंद. लवकर झोपायची सेटिंग. आणि सगळ्यात मोठं म्हणजे मागचा स्क्रीन बंद, फोटो काढल्यावर दिसणारच नाही, सरळ कार्डावर. यातून बॅटरी किती वाचते याचा मी एक्सेलमध्ये हिशोब ठेवलाय. बायकोनं तो चुकून उघडला, तिला वाटलं हे दूधवाल्याचं आहे.

या सगळ्यावर आमच्या काकांचा तिरस्कार. काकांकडे याशिकाचा इलेक्ट्रो ३५ आहे, तोही रेंजफाइंडरच, बोटीवरच्या एका मित्रानं सिंगापूरहून आणून दिलेला. १९६६ पासून निघालेलं मॉडेल. त्याला पूर्वी ५.६ व्होल्टची पाऱ्याची बॅटरी लागायची, पारा वाईट म्हणून ती बंद झाली, तर काकांनी आता साधी ६ व्होल्टची बॅटरी आणून उरलेल्या जागेत बॉलपेनची स्प्रिंग आणि सिगारेटच्या पाकिटातली चांदी कोंबलीय. "वर्षातून एकदा बदलतो," काका म्हणतात. "आणि मेली तरी माझा कॅमेरा पाचशेवर चालतो. तुझा?" ते खरं आहे, बॅटरी नसेल तर त्याचं शटर १/५०० सेकंदावर चालत राहतं. माझा बॅटरी मेल्यावर पेपरवेट होतो. मी म्हणतो, "काका, पण तुमच्या रोलचे छत्तीस फोटो, एम ११ चे सातशे." तर काका, "छत्तिसात अडतीस बसवायचो मी. सातशे फोटो बघतो कोण?"

काकांचा घरात फोटोग्राफर म्हणून दबदबा आहे. सगळ्यांची लग्नं, बारशी त्यांनीच काढली. फक्त माझ्या मुंजीचा एकही फोटो नाही, स्टुडिओवाल्यानं रोल धुताना घालवला. आई इतक्या वर्षांनी अजून त्या दुकानावरून जाताना तोंड फिरवते. दुकानात आता मोमो मिळतात, तरी फिरवते.

तर मागच्या विसर्जनाची गोष्ट. पुण्यातली मिरवणूक सकाळी मंडईतनं टिळक पुतळ्यापासून निघते आणि चोवीस तासांच्या पुढे चालते, म्हणजे कुठल्याही बॅटरीची, माणसाच्या सुद्धा, खरी परीक्षा तीच. मी ठरवलं, या वर्षी मानाचे पाचही गणपती एका बॅटरीवर. सव्वानऊलाच लक्ष्मी रोडवर बेलबाग चौकाच्या पुढे एका दुकानाच्या पायरीवर जागा पकडली. शटर २५० वर, लेन्स आठवर, स्क्रीन बंद, वायफाय बंद. म्हणजे मी आणि कॅमेरा दोघंही उपवासाला.

पहिला कसबा गणपती, पालखी, ढोलांचा असा आवाज की छातीत वेगळं हृदय बसवल्यासारखं वाटतं. मी भुतं माणसात बसवतोय, खटाखट. तांबडी जोगेश्वरी. मग गुरुजी तालीम, आणि त्यांचा गुलाल, सगळा रस्ता गुलाबी, माझ्या चष्म्यावर, कॅमेऱ्यावर, नाकात. खिडकीच्या आत तळाला एक लाल बाण पेटलेला दिसत होता, उजेड कमी आहे असं सांगणारा, मला वाटलं गुलालाचं रिफ्लेक्शन असेल. भर दुपारी उजेड कमी कसा असेल? तुळशीबाग. केसरीवाडा. अधूनमधून फक्त बॅटरीचा आकडा बघायचो. चौऱ्याऐंशी. एकोणऐंशी. एवढ्या वर्षांत मी असा आकडा बघितला नव्हता, मनात म्हटलं, बघा, शिस्त असली की कॅमेरा नवीन लागत नाही.

केसरीवाड्याचा गणपती पुढे गेला तेव्हा शेजारी बापाच्या खांद्यावर बसलेलं एक पाच-सहा वर्षांचं पोरगं माझ्याकडे वाकून म्हणालं, "काका, झाकण."

मला बरं वाटलं. आजकालच्या मुलांना इतकं बारीक लक्ष नसतं. म्हटलं, "अरे, खालचं झाकण ना? ते फक्त बॅटरी बदलताना काढायचं असतं बाळा."

"खालचं नाही," ते म्हणालं. "पुढचं."

मी कॅमेरा फिरवून समोरून बघितला. लेन्सवर झाकण. त्यावर छान एकसारखा गुलाल बसला होता, कडेकडेनं थोडा जास्त. पोराचा बाप दुसरीकडे बघायला लागला, सभ्य माणूस होता.

घरी आलो तर काका आलेले, आईनं उकडीचे उरलेले मोदक वाफवून दिलेले. बायकोनं कार्ड लॅपटॉपला लावलं. काळा फोटो. काळा फोटो. ती बिचारी बटण दाबत राहिली. "रात्रीचे आहेत का?" एकशे बासष्ट काळे फोटो, एकेक वेगवेगळ्या क्षणी अचूक फोकस केलेले.

"बॅटरी किती उरली?" काकांनी विचारलं.

"एकाहत्तर टक्के."

मला वाटलं आता काका सोडणार नाहीत, छत्तीस, अडतीस, पाचशेवर चालतो, सगळं येणार. पण काका काही बोललेच नाहीत. मोदकाची ताटली खाली ठेवली, स्वयंपाकघराकडे बघून घेतलं, आणि खुर्ची माझ्याजवळ ओढून एकदम हळू आवाजात म्हणाले, "हे बघ, हे कोणाला बोलू नकोस. स्टुडिओवाल्याचा काही दोष नव्हता."

"कुठला स्टुडिओवाला?"

"तुझ्या मुंजीचा." काकांनी लेन्सच्या झाकणाकडे बोट केलं. "मातृभोजनापासून भिक्षावळीपर्यंत. अख्खा रोल."

"काय हो भाऊजी?" आतून आई. "कसलं काय अख्खं?"

"काही नाही वहिनी," काका दचकून म्हणाले. "बॅटरी, बॅटरी."

"देव्हाऱ्याखालच्या ड्रॉवरमध्ये आहे," आई म्हणाली. "पण सेल संपलेत."